वीरकर अण्णांचं ‘मी कोण?’

दारावर टकटक झाली की आतून “कोण?” असं येतं आणि बाहेरचा माणूस “मी” म्हणतो. आपल्याकडे सगळीकडे असंच चालतं. एवढ्या एका अक्षरावर दारं उघडतात, चहा होतो, सोयरिकी जुळतात. पण सांगलीला विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात एक दार असं होतं, की ते या उत्तराला बधायचं नाही. आतून लगेच दुसरा प्रश्न यायचा.

“मी कोण?”

“अहो अण्णा, मी!”

“त्ये ऐकलं. मी कोण?”

मग बाहेरच्या माणसानं आपलं नाव सांगायचं. मग वडिलांचं, बाई असेल तर नवऱ्याचं. मग आडनाव आणि शेवटी मूळ गाव. गाव राहिलं तर कडी निघायची नाही. त्यातून ही खोली कॉम्प्युटरची. त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत शिरायचं म्हणजे चपला बाहेर काढायच्या, असा नियम होता; यंत्राला धूळ चालत नाही म्हणे. व्हरांडा पश्चिमेचा, फरशी शहाबादी. एप्रिलातल्या दुपारी भलेभले प्राध्यापक त्या फरशीवर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत आपली वंशावळ सांगायचे. आम्ही आत एसीत बसून ऐकायचो.

आमचे प्राचार्य घाईचे गृहस्थ. एकदा त्यांनी दार ठोठावलं आणि “मी प्राचार्य!” म्हणून दरडावलं. अण्णा आतून शांतपणे म्हणाले, “त्यो हुद्दा झाला, सर. नाव?” सरांनी नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनावाशी आल्यावर त्यांचा संयम सुटला आणि ते गाव न सांगताच परत गेले. सरांचं मूळ गाव कुठलं, हे कॉलेजात बरेच दिवस कुणाला माहीत नव्हतं. त्याचं कारण हे.

माझी अण्णांशी पहिली भेटही दाराबाहेरूनच झाली. आता मी नातवंडांची आजी आहे, फोनमधलं काही अडलं की नातीला हाक मारते. पण तेव्हा, नव्वदचं दशक संपत आलेलं असताना, सांगलीतली सगळ्यात हुशार बाई मीच, अशी माझी खात्री होती. मुलं कॉलेजात गेल्यावर मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता. वर्गात बाकी सगळी पोरंसोरं, पिकलेल्या केसांची मी एकटी. पास झाल्यावर मी काय केलं असेल, तर चष्म्याला साखळी लावून घेतली. साखळीचा चष्मा छातीवर रुळला की बाईमाणूस तंत्रज्ञ दिसतं, असं माझं मत. सोन्याच्या साखळीकडे मी वर्षभर बघितलं नाही, पण ही साखळी रोज पुसायचे.

तर अशी मी नेमणुकीचा कागद घेऊन त्या दाराशी गेले आणि ठोठावलं.

“कोण?”

“मी!” मी म्हणाले. त्या दिवसांत माझा ‘मी’ चांगला अंगानं भरलेला होता.

“मी कोण?”

माझा पार विरस झाला. “सुनंदा श्रीधर जोशी. नवीन नेमणूक आहे माझी. मूळची वाईची.”

“वाईत कुठं?”

“गंगापुरीत.”

“आसं आधी सांगायचं की,” म्हणत कडी निघाली. दारात पांढरा मनिला शर्ट घातलेले, काटकुळे, मान डावीकडे कललेले एक गृहस्थ. “म्या जगन्नाथ आबाजी वीरकर. माण तालुका, दहिवडीच्या अल्याड. या, बाई. आता ओळख पटली.”

ती कललेली मान नोकरीतून आलेली होती. अण्णांनी आयुष्य काढलं साताऱ्याच्या ट्रंक एक्सचेंजमध्ये, कानाला हेडफोन लावून. ज्यांना ट्रंक कॉल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. परगावी फोन करायचा तर आधी एक्सचेंजला सांगायचं, मग अण्णांसारखा माणूस हातानं लाइन जोडून द्यायचा. तीन मिनिटं झाली की मधे बोलून तसं सांगायचा. ती सवयही अण्णांच्या अंगात राहिली होती. व्हरांड्यात कुणी गप्पा मारत उभं राहिलं की आतून हाक यायची, “तीन मिन्टं झाली!” पुढे गल्लोगल्ली एसटीडीची पिवळी बूथं आली, लोक आपले आपण नंबर फिरवायला लागले आणि जोडून देणाऱ्या माणसांचं काम संपलं. अण्णा लवकर निवृत्त झाले. कॉलेजनं त्यांना टेलिफोन लाइनी आणि मोडेम सांभाळायला ठेवून घेतलं.

आमचं इंटरनेट पुण्याहून फोनच्या लाइनीवर यायचं आणि ते जोडताना मोडेम शिट्ट्या घालायचा. अण्णा त्या शिट्ट्या ऐकून सांगायचे, “आज पुण्याचा घसा बसलाय. दुपारनंतर बघा.” आणि दुपारनंतर खरंच लाइन सुधारायची. सर्व्हरला ते बोर्ड म्हणायचे आणि ईमेलला कॉल. ईमेल परत आली की म्हणायचे, “कॉल लागला न्हाई.” मी त्यांना शुद्ध इंग्रजी शब्द शिकवायचा खूप प्रयत्न केला. महिन्याभरात मीच ‘कॉल’ म्हणायला लागले.

‘मी कोण?’चं मूळही एक्सचेंजमध्येच. ज्या माणसाशी बोलायचं, त्याला नाव घेऊन बोलावून द्यायचं, अशी एक सोय ट्रंक कॉलमध्ये असायची. तिला पीपी म्हणत. माणची निम्मी माणसं मुंबईला कामाला. त्यांच्या बायका दहिवडीच्या किराणा दुकानातून फोन लावायच्या.

“कुणाला बोलवू?” अण्णा विचारायचे.

“त्यास्नी.”

“त्यास्नी म्हंजे कुणास्नी?”

“आमच्या ह्यास्नी.”

“नाव काय ह्यास्नींचं?”

आणि तिथं गाडी अडायची. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? तेही परक्या पुरुषासमोर, फोनवर, दुकानात चारचौघं ऐकत असताना! एकदा अशीच एक नवी नवरी लाइनवर होती. नाव सांगेना आणि फोनही ठेवेना. शेवटी अण्णा म्हणाले, “आगं, लग्नात घेतलं आसशील की. तसं घे.” मग पलीकडून बारीक आवाजात आलं —

“बाजारातनं आणलं तांबड्या काठाचं लुगडं,
सोपानरावांचं नाव घेते, लाइन जोडा तिकडं.”

“जोडली!” हे सांगताना अण्णा मांडीवर थाप मारायचे. “सबंद बोर्ड हसत हुता. पर बाई, सोपान सापडला. नावावाचून मानूस सापडत न्हाई बगा. नुसतं मी मी म्हनून कुनाला हुडकायचं?”

हे सगळं गमतीचं. पण मी रुजू झाले त्याच पावसाळ्यात अण्णांनी एक दिवस स्टूल ओढलं, माझ्या शेजारी बसले आणि गळा साफ करून म्हणाले, “बाई, येक कॉल लावायचा हुता. अमेरिकेला.”

“कुणाला?”

“वैशालीला. माझी लेक.”

अण्णांना लेक आहे, हेच मला तेव्हा कळलं. बायको लवकर गेली होती, एकुलती एक पोर त्यांनी साताऱ्याच्या क्वार्टरमध्ये एकट्यानं वाढवली होती. आता ती तिकडच्या विद्यापीठात होती. तिच्या एका मैत्रिणीकडून ईमेलचा पत्ता तेवढा मिळालेला. मी बोटं मोडली, साखळीचा चष्मा चढवला आणि ‘डिअर वैशाली, होप धिस फाइंड्स यू’पासून सुरुवात केली. अण्णांनी ते पुसायला लावलं.

“मी सांगतो तसं घाला. मी जगन्नाथ आबाजी वीरकर, मूळ गाव दहिवडीच्या अल्याड, सध्या सांगली, तुझा बाप. खाली हितला फोन नंबर.”

“अहो अण्णा, मुलीला कुणी गाव सांगतं का? काही खुशाली तरी लिहा!”

“आधी ओळख पटली पायजे,” अण्णा म्हणाले. “खुशाली मागनं.”

रोमन अक्षरांत तेवढंच लिहून मी पाठवलं. अण्णा सर्व्हरवर हात ठेवून उभे होते, गाडी सुटताना डब्याच्या खिडकीवर हात ठेवतात तसे. चहाचा कप संपायच्या आत पत्र परत आलं. सोबत इंग्रजीत यंत्राचा निरोप, की तुमचं पत्र घेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवलं, पुन्हा परत. मग ते रोजचंच झालं. सकाळी कुलूप निघालं की अण्णांचा कॉल, आणि चहाबरोबर तो परत. पुण्या-मुंबईची पत्रं व्यवस्थित जायची, अमेरिकेतलीही काही ठिकाणं घ्यायची, पण वैशालीच्या विद्यापीठाचं दार काही उघडेना.

मी अर्थातच चूक अमेरिकेची ठरवली. तिथल्या व्यवस्थापकाला मी एक सणसणीत इंग्रजी तक्रार लिहिली, डिक्शनरी काढून, चार वाक्यांत तीन वेळा ‘रिग्रेट’ घालून. ती पाठवली. ती त्याच दारावरून परत आली. नकार देणाऱ्याला नकाराची तक्रार त्याच रस्त्यानं पाठवणारी बाई जगात मी पहिलीच असेन.

शेवटी मी म्हटलं, “अण्णा, माझा भाचा पुण्याला आहे. त्याच्या कंपनीतनं पाठवू. लगेच जाईल.”

“दुसऱ्याच्या तोंडानं?” अण्णांनी मान हलवली. “न्हाई. माझ्या नावानं, माझ्या बोर्डावरनंच गेलं पायजे.”

“मग मैत्रिणीकडून फोन नंबर घ्या. सरळ बोला. तुमचं आयुष्य गेलं फोनात!”

अण्णा मोडेमकडे वळले. मधल्या सुट्टीत आम्ही व्हरांड्याच्या पायरीवर भडंग खात बसलो होतो. कांदा बारीक चिरून आणलेला होता. तो भडंगात घालता घालता, पावसापाण्याविषयी बोलावं तसं ते बोलायला लागले.

“पोरीनं लगीन केलं. तिचं तिनं. परजातीतलं. मला न सांगता. राग आलावता, न्हाई कशाला म्हनू? पर पोरगा चांगला हाय, नंतर चौकशी केली म्या. लगीन झाल्यावर तिनं फोन केला. थेट एक्सचेंजला, माझ्या बोर्डावर. म्या डूटीवर. सा लाइनी लागलेल्या. म्हनली, ‘अण्णा, मी.’”

भडंगाचा घास त्यांच्या हातातच राहिला.

“तोंडात बसलेलं हाय वो बाई. दिवसातनं शंभरदा त्येच म्हनायचो. आवाज वळखायच्या आदीच भाईर पडलं. मी कोन? म्हनून.”

“मग?”

“मग काय. कट्. ठिवला तिनं.”

 चिमणी एक पडलेला शेंगदाणा घेऊन गेली.

“तिला वाटलं आसंल, बाप इचारतोय, तू माझी कोन लागतीस,” अण्णा म्हणाले. “आता तिला फोन केला आन् तिनं ‘कोन?’ म्हनलं, तर म्या काय सांगू? ‘मी’ म्हनू? तिनं इचारलं ‘मी कोन?’ तर? म्हनून आदी लिहून जाऊ दे. नाव, गाव, समदं. मग तिची मर्जी.”

त्या दुपारी मी तक्रारीचा कच्चा कागद फाडला. चष्मा पुसला. आणि पहिल्यांदाच प्रामाणिकपणे म्हणाले, “अण्णा, मला कळत नाहीये काय बिघडलंय ते.”

अण्णा खूश झाले. “मग लाइनीवर कान लावू या की!”

एक्सचेंजमध्ये म्हणे, कॉल नीट लागत नसला की दोन्ही बाजूंचं बोलणं मधे बसून ऐकायचे. इथं ऐकायला काही नव्हतं, पण वाचता येत होतं. पत्र देताना दोन यंत्रं एकमेकांशी जे बोलतात, ते ओळीओळीनं पडद्यावर आणायची एक युक्ती मला डिप्लोम्यात शिकवली होती आणि मी ती परीक्षेनंतर साफ विसरले होते. वही काढून, दोनदा चुकून, शेवटी ते जमलं. अण्णांनी स्टूल पुढे घेतलं.

पहिली ओळ पलीकडच्याची. मी अमुक विद्यापीठाचा सर्व्हर, बोला.

मग आमच्या यंत्राची ओळ. सुरुवातीलाच शब्द होता ‘हॅलो’, पण इंग्रजीत एकाच ‘एल’चा.

“येक ल खाल्ला हाय,” अण्णा म्हणाले. “चालायचं. गावाकडची मान्सं बी खात्यात. म्होरं काय लिवलंय?”

“हॅलो, लोकलहोस्ट.”

“त्यो कोन?”

“कुणी नाही. आपलंच यंत्र. म्हणजे… प्रत्येक यंत्र स्वतःला लोकलहोस्ट म्हणतं. इथलं इथल्याला, पुण्याचं पुण्याच्याला. आपण नाही का स्वतःला…”

मी थांबले. अण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांची मान आयुष्यात पहिल्यांदा सरळ झाली असावी.

“बाई,” ते हळू आवाजात म्हणाले, “म्हंजे आपलं यंत्र अमेरिकेच्या दारात हुभं ऱ्हातंय, टकटक करतंय, आन् म्हनतंय… मी?”

“हो.”

“आन् त्ये आतनं इचारत्यात, मी कोन?”

“हो, अण्णा.”

 मग अण्णा हसायला लागले. स्टुलावरून पडतील असं हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “साऱ्या कालेजाला इचारत बसलो. पराचार्याला इचारलं. आन् घरातल्या ह्या गाढवाला इचारायचंच ऱ्हायलं!” उठून ते सर्व्हरसमोर उभे राहिले आणि सणसणीत आवाजात म्हणाले, “मी कोन रं? आँ? नाव न्हाई तुला? गाव न्हाई?”

यंत्र पुण्याहून आलं तसंच होतं. त्याला नाव द्यायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. जिथं बाकीची दारं ढिली होती तिथं ‘मी’वर भागत होतं, इतकंच. आम्ही त्याला बसून नाव घातलं. कॉलेजचं सबंध, गावासकट. त्याच वेळी अण्णांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. आमच्या यंत्राकडे जगातल्या कुणीही यावं आणि आमच्या नावावर पत्र टाकून जावं, अशी सताड उघडी सोय होती. कुणी परदेशी माणूस आमच्या दारातून वजन कमी करण्याच्या गोळ्यांची जाहिरात वाटत होता!

“आपल्या घरातनं दुसऱ्याचं पोरगं भाईर पडून लोकांस्नी शिव्या देतंय, आन् नाव जातंय आपलं,” अण्णा म्हणाले. मग आम्ही नियम केला. आधी पासवर्ड सांगून आपली पेटी उघडायची, मगच पत्र टाकता येईल. अण्णांना हा नियम इतका आवडला, की दोन दिवस ते शीळ घालत होते. आता दारावर ते आणि आत यंत्र, असे दोघं जण ‘मी कोण?’ विचारणार होते.

पत्र पाठवलं. परत आलं.

पण या वेळी निरोप वेगळा होता. नाव ऐकलं, पण इंटरनेटवरच्या ज्या नंबरावरून बोलताय, त्या नंबराला हे नाव आहे असं कुणी सांगत नाही. मी कपाळाला हात लावला. अण्णांना मात्र ते पटकन कळलं.

“बराबर हाय त्येंचं. सोताचं नाव सोता घिऊन भागत न्हाई. दुसऱ्यानं घ्यावं लागतं. नंबर कुनाचा?”

“आपण इंटरनेट घेतो त्या पुण्याच्या कंपनीचा. त्यांनी आपल्याला दिलाय.”

“मग पुण्यानं नाव घ्यावं!”

हे शब्दशः खरं होतं. पुण्याच्या कंपनीनं आपल्या यादीत त्या नंबरासमोर आमचं नाव घालायला हवं होतं. मी फोन लावला. अण्णा रिसीव्हरच्या दुसऱ्या बाजूनं कान लावून बसले.

“हॅलो, कोण बोलतंय?” मी विचारलं.

“मी बोलतोय,” पलीकडचा तरुण म्हणाला.

अण्णांचे ओठ हलले. मी डोळे वटारले. मी आमचं गाऱ्हाणं सांगू लागले, तो “हो मॅडम, हो मॅडम” करू लागला, आणि अण्णांना जे दाबता आलं नाही ते आलंच. रिसीव्हरकडे तोंड करून ते ओरडले, “आरं पर मी कोन?”

पुण्यानं फोन ठेवला.

पुन्हा लावायच्या आधी मी अण्णांना व्हरांड्यात पाठवलं आणि आतून कडी घातली. बाहेरून त्यांनी दार ठोठावलं. मी, या जन्मात ती संधी पुन्हा येणार नाही हे ओळखून, विचारलं, “कोण?”  मग पडेल आवाजात आलं, “जगन्नाथ आबाजी वीरकर. बाई, त्येला म्हनावं, चुकलं माझं. पर नाव घे म्हनावं.”

पुण्याच्या पोरानं दोन दिवसांनी ते केलं. त्या सकाळी मीच दारातून ओरडले, “अण्णा, पुण्यानं नाव घेतलं!” आणि आम्ही पत्र पाठवलं. चहा आला. चहा संपला. पत्र परत आलं नाही. पडद्यावर ओळी आणून बघितल्या, तर पलीकडच्यानं लिहिलं होतं, की घेतलं.

मला नाचावंसं वाटत होतं. अण्णा खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

“काय झालं? पोचलं की!”

“परत येत हुतं तवर बरं हुतं, बाई,” ते म्हणाले. “लाइनच लागत न्हवती म्हनायला यायचं. आता लाइन लागलीया.”

मला हे सुचलंच नव्हतं. यापुढे उत्तर आलं नाही, तर ते यंत्राचं नसणार होतं. वैशालीचं असणार होतं.

त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अण्णांनी पुन्हा पत्र पाठवलं नाही. “येकदा सांगितलं. वळख पटायची आसंल तर पटंल,” एवढंच म्हणाले. मोडेमच्या शिट्ट्यांवर बोलेनात. व्हरांड्यात लोक दहा-दहा मिनिटं बडबडत राहायचे, आतून हाक नाही. आणि एका दुपारी भौतिकशास्त्राच्या पाटीलसरांनी दार ठोठावलं, “कोण?”ला “मी” म्हणाले, आणि वडिलांचं नाव घेण्यासाठी तोंड उघडतात तोच अण्णांनी कडी काढली. पाटीलसर आत आले नाहीत. ते धावत स्टाफरूममध्ये गेले. अर्ध्या तासात लोक येऊन नुसतं “मी” म्हणून बघायला लागले. प्रत्येकाला दार उघडत होतं. कुणालाच बरं वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी खोलीत होते, अण्णा कोपऱ्यात स्टुलावर चढून वायर ठोकत होते. फोन वाजला. मी उचलला.

“हॅलो, कोण?”

खूप लांबची खरखर. मग बायकी आवाज, अगदी बारीक. “मी.”

काय सांगू! इतक्या महिन्यांच्या सहवासानं ते माझ्याही तोंडात बसलं होतं. ओठ मिटले, ‘मी’ जिभेवर आलं, आणि मी ती जीभ अशी चावली की पुढे दोन दिवस आमटी झोंबली. “ठेवू नकोस!” मी किंचाळले. “अगं बाई, ठेवू नकोस! अण्णा, उतरा!”

अण्णांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ते उतरले. हातोडी त्यांच्या हातातच होती. त्यांनी रिसीव्हर घेतला, मान डावीकडे कलली आणि सवयीनं जे यायचं तेच आलं. “हॅलो, कोन?”

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. पण काय आलं असेल, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांचे ओठ मिटले. ‘मी कोण’मधल्या ‘म’साठी ओठ मिटतात तसेच. मी देवाचं नाव घेतलं.

“व्हय गं,” अण्णा म्हणाले. “हिकडं बी मीच हाय.”

मी त्यांच्या हातातली हातोडी काढून घेतली, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. तेवढ्यात प्राचार्य व्हरांड्यातून तरातरा येताना दिसले. माझ्यासमोर त्यांनी चपला काढल्या आणि कडीकडे हात नेला. मी हातोडी घेऊन आडवी उभी.

“जोशीबाई, बाजूला व्हा. मला अर्जंट काम आहे.”

“कोण?” मी म्हणाले.

“कोण काय? समोर उभा आहे! मी!”

“मी कोण?”

सरांचा चेहरा लाल झाला. ते काही बोलणार, तोच आतून आवाज आला. अण्णांचाच. हसण्याचा की रडण्याचा, ते दाराच्या फळीतून कळत नव्हतं, पण मधे मधे ‘वैशू’ असं ऐकू येत होतं. तीन मिनिटं कधीच होऊन गेली असावीत. आतून कुणी तसं सांगितलं नाही.

सरांनी दाराकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग एक पाऊल दुसऱ्या पावलावर ठेवून ते खांबाला टेकले आणि त्यांनी नाव सांगितलं. वडिलांचं सांगितलं. आडनाव सांगितलं.

“मूळ गाव?” मी विचारलं.

“पाटण,” सर म्हणाले, आणि आतला आवाज जरा ऐकून त्यांनी आपला आवाज खाली आणला. “कोयनेच्या काठानं जरा वर जावं लागतं. सविस्तर सांगू का, बाई?”

“सांगा,” मी म्हणाले.